दादरची जीप पिंपळगावात का अडली?

मामांची तक्रार एका वाक्याची होती. "मुंबईत अर्ध्या सेल्फला उठते, आणि तिकडे गेल्यावर बाई हलायलाच तयार नाही."

बाई म्हणजे १९९४ ची महिंद्रा एमएम ५४०. मामांनी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली, त्यालाही आता अठरा वर्षं झाली. मामींना तो शब्द आवडत नाही, पण सवय लागली ती लागली. दादर चौपाटीपासून दोन गल्ल्या आत, इमारतीच्या कंपाउंडमध्ये भिंतीला टेकून ती उभी असते. आठवड्यातून एकदा भाजीला किंवा माटुंग्याला, महिन्यातून एकदा लोणावळ्याच्या अलीकडे कुठेतरी. गाडीची खरी चाचणी व्हावी असं त्यात काही नाही.

मी इंजिनवाला नाही. बसगाड्यांच्या वायरिंगवर सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे प्रत्येक आजार मला तारेतूनच दिसतो. ही खोड आधीच सांगून टाकतो, कारण पुढे एका ठिकाणी तिने मला चकवलं.

२०२४ च्या डिसेंबरात मामा-मामी जीप घेऊन मामींच्या माहेरी गेले. निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला मेव्हण्यांची द्राक्षबाग आहे. निफाडची थंडी पेपरात येते ती कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदीवरून. मुंबईकर ती बातमी वाचून गोधडी ओढतो आणि विसरतो. बागायतदाराची मात्र त्या रात्री झोप उडते. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या करायच्या, ठिबक चालू ठेवायचं, जमीन जरा उबदार ठेवायची. त्या रात्री पहाटे चारला मेव्हण्यांना छाटणीच्या वाळलेल्या काड्या मळ्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायच्या होत्या. ट्रॅक्टर फवारणीच्या टाकीला जोडलेला. मामा म्हणाले, "जीप आहे ना."

जीप होती. बागेतल्या थर्मामीटरवर ६ अंश होते. मामांनी चावी फिरवली. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर, एकदा कण्हला, इंजिन पाऊण फेरा फिरलं आणि थांबलं. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी फक्त टक् असा आवाज.

मग नेहमीप्रमाणे माणसं जमली. एक म्हणाला, डिझेल गोठलं. दुसऱ्याने एअर क्लीनरच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरायला सांगितलं. हे आपल्याकडे सर्रास करतात. मामांनी ऐकलं नाही, बरं झालं. इंजिनखाली तीस वर्षांचं तेल साचलेलं, वर कॅनव्हासचं छत, शेजारी वाळलेल्या काड्यांचा ढीग. शेवटी फवारणीची टाकी सोडून ट्रॅक्टरने दोर बांधून ओढलं. दुसऱ्या गिअरात क्लच सोडला तशी वीसेक पावलांत जीप उठली. मागून इतका पांढरा धूर आला की कुत्री पळाली. मिनिटभर खडखडली, मग नीट चालली. त्या दिवशी काड्या वाहिल्या, संध्याकाळी पिंपळगावात नवी बॅटरी बसवली. ६,८०० रुपये.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. नव्या बॅटरीवर.

मुंबईत आल्यावर पहिल्याच सकाळी जीप अर्ध्या सेल्फला उठली, जणू काही झालंच नव्हतं. तरी मामांनी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका जुन्या उस्तादांकडे सेल्फ खोलून घेतला. कार्बन ब्रश, बुश, साफसफाई, १,९०० रुपये. उस्ताद म्हणाले, "सेल्फ तो एक नंबर है, चाचा. ठंडी में पुराना गाडी ऐसाच करता है." मामांना ते पटलं नाही. म्हणून मला फोन.

डिझेल गोठल्याचा विचार मी आधी बाजूला काढला, कारण तो सगळ्यांच्या तोंडी होता. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं हे खरं. म्हणूनच आपल्या मानकात डिझेल ओतलं जाण्याची खालची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश अशी वेगवेगळी आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, तेही याच कारणाने. पण मामांनी टाकी भरली होती डिसेंबरात, हिवाळ्याचं डिझेल, आणि पारा ६ वर. शिवाय ओढून उठल्यावर गाडी दिवसभर लादलेली चालली. मेणाने फिल्टर चोंदला असता तर एक्सिलरेटर दाबताच मेली असती. पांढरा धूर तर उलटीच साक्ष देत होता. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत होतं, फक्त पेट घेत नव्हतं.

पेट का घेत नव्हतं हे समजायला या इंजिनाबद्दल थोडं बोलावं लागेल. एक्सडीपी ४.९० हे मूळ प्यूजोचं इंजिन. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. ८३ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, धरला की २,११२ सीसी होतात. यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडत नाही, हेडमधल्या एका छोट्या कोठीत पडतं आणि तिथे पेटून बाहेर येतं. त्यामुळे इंजिन त्या काळच्या मानाने मऊ चालतं, पण एक वाईट आहे: त्या कोठीच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कोठीत एक हीटर प्लग. चावी पहिल्या खुणेवर धरली की तो लाल होतो, मग सेल्फ मारायचा. डिझेल इंजिनला ठिणगी नसते, सगळा खेळ दाबाने तापलेल्या हवेवर. पिस्टन झपकन वर गेला तर हवा तापते. रेंगाळला तर तापायच्या आधीच रिंगांच्या फटींतून थोडी निसटते आणि उरलेली भिंतींना ऊब देऊन गार होते. ट्रॅक्टरने ओढल्यावर इंजिन का उठलं, तर जोरात फिरलं म्हणून.

म्हणजे प्रश्न दोन. सेल्फ इतका हळू का फिरतो? आणि हीटर प्लग तापतात का?

मुंबईत हे दोन्ही प्रश्न कोणाला पडत नाहीत. सांताक्रूझला आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ ला. एरवी आपण १८ अंशांना मफलर काढतो. इतक्या उबेत सेल्फ निम्म्या जोराने फिरला, दोन प्लग मेलेले असले, तरी इंजिन उठून जातं. गाडी आजारी आहे हे कळायलाच कसारा घाट चढावा लागतो.

रविवारी सकाळी मी मीटर घेऊन दादरला गेलो. जीप रात्रभर उभी होती, मुद्दाम. मामांना सांगितलं, "स्टॉपर खेचून धरा आणि मी म्हणेन तेव्हा सेल्फ मारा." डॅशबोर्डखालचा स्टॉपरचा गोळा खेचला की पंपाचं डिझेल बंद होतं. इंजिन नुसतं फिरतं, उठत नाही, आणि मला मोजायला वेळ मिळतो.

बॅटरी गप्प असताना १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना थेट बॅटरीच्या खांबांवर १०.८.

इथे मी थबकलो. सेल्फ रडतखडत फिरतोय आणि बॅटरी १०.८ वर शांत उभी. बॅटरी दुबळी असती तर सेल्फ मारताना ती नऊ-साडेनऊच्या खाली कोसळली असती. ती कोसळत नाही, याचा अर्थ तिच्याकडून कोणी पुरेसा करंट घेतच नाहीये. मध्ये कुठेतरी वाट अडलेली. नव्या बॅटरीने फरक का पडला नाही तेही इथेच समजलं.

मग सेल्फवर मोजलं, त्याच्या जाड टर्मिनलपासून त्याच्याच अंगापर्यंत. ८.३ व्होल्ट. बॅटरीवर १०.८ आणि सेल्फपाशी ८.३. अडीच व्होल्ट वाटेत गहाळ. पॉझिटिव्ह केबल तपासायला वाकलो तेवढ्यात मामा म्हणाले, "अरे, हा स्टॉपर गरम का लागतोय?"

मी वर हात घातला. गोळा प्लॅस्टिकचा, तो कोमटच होता. पण डॅशबोर्डच्या मागे जिथे केबलचं पत्र्याचं आवरण सुरू होतं तिथे बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं.

"मामा, ही केबल कधी बदलली?"

"दिवाळीच्या आधी. जाम झाली होती, आत वितळल्यासारखी. त्याच्या आधी गणपतीत एकदा."

चार महिन्यांत दोनदा स्टॉपर केबल वितळते आणि कोणालाच काही वाटत नाही. प्रत्येक वेळी नवी केबल, साडेतीनशे रुपये, चला पुढे. ही केबल म्हणजे एक पोलादी तार, तिच्याभोवती पोलादी गुंडाळी, मध्ये प्लॅस्टिकचं अस्तर. एक टोक इंजिनावरच्या पंपाला, दुसरं बॉडीला. तिने तापायचं काही कारण नाही, तिच्यातून करंट वाहत नसेल तर. आणि करंट वाहायचा तर एकाच कारणाने: इंजिनाला परत बॅटरीकडे जायची स्वतःची वाट नसल्यामुळे.

सेल्फचा निगेटिव्ह म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. अंग इंजिनाला बोल्टने जोडलेलं. पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. म्हणून इंजिन ते चासी असा एक तांब्याचा विणलेला पट्टा असतो, ज्याला आपण अर्थिंगचा पट्टा म्हणतो. चासीवरून पुढे बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत केबल. सेल्फचे दोन-अडीचशे अँपिअर या पट्ट्यातूनच परत जातात. पट्टा बिघडला की करंट मिळेल ती वाट धरतो: स्टॉपरची केबल, एक्सिलरेटरची, गिअरबॉक्सला चिकटलेला एखादा पत्रा.

मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर. सेल्फ. २.१ व्होल्ट. इथे ०.२, फार तर ०.३ हवे होते. पॉझिटिव्ह बाजूला ०.४ गेले. ८.३, २.१ आणि ०.४ मिळून बरोबर १०.८. हिशेब असा जुळला की मला बरं वाटतं.

पक्कं करायला जम्पर केबल घेतली. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिन उचलायच्या हुकावर. "मारा." घर्र… घर्र… करणारा सेल्फ घरघरघर असा सलग फिरला. वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून डोकावले. मामा काही बोलले नाहीत, फक्त अजून दोनदा सेल्फ मारून ऐकला.

पट्टा शोधायला खाली झोपावं लागलं. डाव्या बाजूला, सेल्फच्या थोडं मागे. विणकाम हिरवं पडलेलं, बोटांनी चुरगळलं की हिरवट पूड गळत होती. समुद्राच्या इतक्या जवळ तांब्याचं असंच होतं, खारी हवा विणीच्या प्रत्येक तारेत शिरते. पण खरा गुन्हेगार निराळाच होता. सतरा नंबरच्या पान्याने चासीकडचा बोल्ट सोडला, लग (पट्ट्याच्या टोकाची कडी) बाजूला केला. त्याच्याखाली चासी काळी, तुळतुळीत, चमकदार. रंग.

जून २०२४ मध्ये जीपचं पासिंग होतं. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ताडदेवला गाडी न्यायच्या आधी मामांनी बॉडीला रंग आणि खाली चासीला गंज काढून काळा रंग मारून घेतला होता. रंगाऱ्याने काम मन लावून केलं. सगळे पट्टे, क्लिपा काढल्या, खरवडलं, दोन हात मारले, आणि रंग वाळल्यावर पट्टा तिथेच परत कसला. रंगावर. सेल्फचा सगळा करंट सहा महिने बोल्टच्या आट्यांच्या कडेवरून जात होता. पासिंग झालं, गाडी देखणी दिसली, आणि गणपतीत पहिली केबल वितळली.

मीटरवाल्यांसाठी एक आडकथा. हा पट्टा मी काढण्याआधी ओहमच्या खुणेवर तपासला असता तर मीटरने शून्य दाखवलं असतं आणि मी त्याला सोडून दिलं असतं. २.१ व्होल्टला अडीचशे अँपिअरने भागा, साधारण ०.००८ ओहम येतो. घरगुती मीटरला तो दिसत नाही. जाड करंटच्या वाटा करंट वाहत असतानाच व्होल्टवर तपासायच्या. डेपोत नवीन पोरांना मी हे सांगायचो तेव्हा ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओहमवर मीटर लावायची.

चासीची जागा रुपयाच्या नाण्याएवढी पॉलिश पेपरने पांढरी केली, नवा पट्टा, दातेरी वॉशर, घट्ट कसून वरून पेट्रोलियम जेली. शिवाय वेल्डिंगच्या केबलचा हातभर तुकडा घेऊन, दोन्ही टोकांना लग दाबून, बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत दुसरी वाट करून दिली. सगळं मिळून साडेसहाशे रुपये. परत मोजलं: बॅटरीवर १०.४, सेल्फवर ९.७, अर्थिंगला ०.२, पॉझिटिव्हला ०.५. बॅटरी आता आधीपेक्षा खाली उतरते, कारण ती आता खरंच काम करतेय. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी बिघडवलंय.

हीटर प्लगचं काम सोपं निघालं, पण वेळखाऊ. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा नीट लागत होता, म्हणून मामांची खात्री होती की प्लग चालू आहेत. दिवा फक्त टायमरचं ऐकतो, प्लग जिवंत आहेत की मेले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चारही प्लगना जोडणारी पितळी पट्टी सोडली आणि एकेक प्लग मोजला. इथे ओहमची खूण चालते. दोन प्लग ०.९ ओहमच्या आसपास, दोन पूर्ण तुटलेले. आता पुन्हा आठवा त्या पहाटे काय चाललं होतं ते: ६ अंश, चारपैकी दोन कोठ्या गार, आणि सेल्फ निम्म्या जोराने. यातलं एकच असतं तर मामा कदाचित दहा मिनिटांच्या खटपटीनंतर उठवू शकले असते.

जुने प्लग जोर करून काढायचे नाहीत. कार्बनने धरलेले असतात, टोक तुटून आत पडलं तर हेड उतरवायची वेळ. रात्रभर गंजावरचं तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून हळूहळू मागेपुढे करत काढले. तीन सुटले. तिसऱ्या सिलिंडरचा अर्धा तास घेतला आणि आट्यांवर काळं टारसारखं घेऊन बाहेर आला.

आता माझी चूक. मामांनी जाता जाता सांगितलं होतं की कसारा घाटात धुकं लागलं तेव्हा हेडलाइट इतके पिवळे होते की पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर गाडी चालवली. आत काच धुरकट होत होती, ब्लोअर नाही, म्हणून मामी गमछ्याने पुसत होत्या आणि बाजूचा कॅनव्हासचा पडदा उघडा ठेवून दोघं कुडकुडत बसले होते. पडदा उघडा ठेवणं बरोबरच, आतली दमट हवा बाहेर गेली की काच निवळते. पण दिव्यांचं ऐकल्यावर मी मनात लगेच पट्ट्याचं नाव लिहून टाकलं. एकच रोग, सगळी लक्षणं त्याचीच, किती छान.

हिशेब केला तर बसेना. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर. त्या पट्ट्याच्या ०.००८ ओहममधून दहा अँपिअर गेले तर व्होल्टचा जेमतेम दहावा भागसुद्धा पडत नाही. त्याने दिवा पिवळा होत नाही. नवा पट्टा लावल्यावरही दिवे तसेच होते. मग इंजिन चालू ठेवून मोजलं: बॅटरीवर १३.९, बल्बच्या सॉकेटवर ११.६. मधले दोन व्होल्ट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमध्ये आणि केसासारख्या तारांमध्ये अडकलेले, कारण सगळा करंट स्विचमधूनच पुढे जात होता. बल्बला दोन व्होल्ट कमी मिळाले की उजेड जवळजवळ निम्मा होतो. दोन रिले, म्हणजे विजेच्या खुणेवर चालणारे स्विच, लावले, बॅटरीपासून फ्यूज घालून नवी जाड तार थेट पुढे आणली. स्विचला आता फक्त रिलेला खूण करायचं काम. हा संपूर्णपणे निराळा आजार होता, तीस वर्षं हळूहळू वाढलेला, आणि त्याचा थंडीशी काही संबंध नव्हता. धुक्याशी होता.

तेल बदलायला मामा सहज तयार झाले. आत २०डब्ल्यू-४० होतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार असतानाचा जाडपणा सांगतो. १५डब्ल्यू-४० पहाटे जरा कमी अडवतं, गरम झाल्यावर दोन्ही सारखीच.

रेडिएटरवरून मात्र वाद झाला. मामा त्यात नळाचं पाणी भरतात, "आपल्याला कुठे बर्फात जायचंय?" आणि पुढच्याच वाक्यात मनालीचा विषय काढतात. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, ब्लॉकला ते सोसत नाही. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं केलं तर उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पण मी गोठण्यासाठी आग्रह धरला नाही, गंजासाठी धरला. झाकण उघडलं तर चहासारखं पाणी. तीनदा धुतलं तेव्हा चौथ्यांदा स्वच्छ आलं. वॉटर पंपाच्या खालून एक थेंब लागलाय, तो सध्या डोळ्याखाली आहे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही परत गेलो, मी पण सोबत. इगतपुरीला चहाला थांबलो. मामांनी महिंद्राच्या इंजिन कारखान्याच्या दिशेने हात करून "बाईचं माहेर" म्हटलं, मामींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घाटात दिवे पांढरे होते. रात्री जीप मुद्दाम त्याच जागी, विहिरीच्या बाजूला उघड्यावर लावली.

पहाटे पावणेसहा. ७ अंश. मेव्हणे, त्यांची दोन मुलं आणि ट्रॅक्टरचा दोर असे सगळे हजर, दोर त्यांनी आठवणीने आणला होता. मामांना मी क्रम सांगून ठेवला होता: दिवे बंद, हीटर पंचवीस सेकंद, क्लच पूर्ण दाबायचा म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल सेल्फला ओढावं लागत नाही, एक्सिलरेटर अर्धा, सेल्फ दहा सेकंदांच्या वर नाही. पहिल्या वेळी सेल्फ झकास फिरला, इंजिन दोनदा फसफसलं आणि राहिलं. मेव्हण्यांच्या धाकट्याने दोराची गुंडाळी सोडायला घेतली. मामांनी त्याला हातानेच थांबवलं, पुन्हा हीटर धरला, पंचवीस मोजले. दुसऱ्या वेळी चौथ्या-पाचव्या फेऱ्याला उठली.

उठल्यावर ती अर्धा मिनिट तीन सिलिंडरवरच चालत होती, मागून पांढरा धूर येत होता. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरची नळी सैल करून पाहिली. तिसऱ्याची सैल केली तर आवाजात फरकच पडेना, म्हणजे तोच पेटत नव्हता. गरम झाल्यावर तोही मिसळला. प्लग तर नवा आहे. म्हणजे तिथे एकतर इंजेक्टर थेंब सोडतोय, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे हवेवरचा दाब, कमी आहे.

त्याच फेरीत ठिबकाने भिजलेल्या काळ्या मातीत मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. मामांनी फोर बाय फोरचा दांडा ओढला, तो हलेना. वर्षभर कोणी हात लावला नव्हता. मी खाली उतरून दांड्याच्या सांध्यावर तेल सोडलं, जीप जराशी मागे-पुढे डोलवली तेव्हा खटकन बसला, आणि जीप चिखलातून सरळ बाहेर आली. डांबरावर आल्याबरोबर तो काढून टाका म्हणून मामांना दोनदा सांगावं लागलं. कोरड्या रस्त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळं फिरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. त्यांना मात्र तो आता काढायचाच नव्हता.

तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन होळीनंतर कुर्ल्याला मोजायचं ठरलंय. उस्तादांनी फोनवर आत्ताच सांगून ठेवलंय, "हेड खोलना पडेगा."